सोळा जागांची होडी

४ जून

भिंगरी,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहायला मला वेळ नाही. कामाचं बोलते.

तू पाठवलेले फोन पोचले. गाडीवाल्याने हॉटेलच्या चादरींच्या गठ्ठ्यात घालून नीट आणले. चादरी पोचवायला तो आठवड्यातून दोनदा तुझ्या शहरात येतो, तेव्हा पत्र त्याच्याजवळच देत जा. फोनवर मला काही सांगू नकोस. फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करतेस आणि संध्याकाळी विसरतेस. कागदावर असलं की नाकारता येत नाही. मळके कपडेही त्याच्याकडे दे, धुऊन पाठवीन. माझं पत्र शर्टाच्या खिशात बघत जा.

आता तुझा होडीचा खेळ. सोळा जागांची होडी, सोळा जणांनी आपापल्या फोनवरून वल्ही मारायची, सगळ्यांनी मिळून पलीकडचा काठ गाठायचा. एवढंच ना? मग पानभर सूचना कशाला? मी वाचल्या नाहीत. आमच्या इस्त्रीवाल्याने वाचल्या आणि पहिल्याच दिवशी होडी खडकावर घातली.

लाँड्रीतले आम्ही आठ जण आहोत. सात जागांवर शेजारचा चष्मेवाला आणि त्याचं अख्खं घर, सासूसकट. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसतो. सोळावी जागा भावोजींची.

त्यांचा फोन मी त्यांच्या घरी नेऊन दिला. जाऊबाई गेल्यापासून ते बाहेर पडत नाहीत, तुला माहीतच आहे. घड्याळं दुरुस्त करणंही सोडलं. दिवसभर खुर्चीत. मी म्हटलं, बसायचंच आहे तर वल्हं मारत बसा. "नको वहिनी" म्हणाले. मी फोन टेबलावर ठेवला आणि वाद न घालता निघून आले. दुपारी होडीत सोळावा माणूस होता. बोलला काही नाही, पण होता.

तुझी आई म्हणते तू तिथे "आकडा काढतेस". कसला आकडा? मला समजेल असं लिही.

आत्या


८ जून

आत्या,

नमस्कार. तुझं पत्र शर्टाच्या खिशात सापडलं. शर्टाला इतकी कडक इस्त्री आहे की घालायची भीती वाटते.

आकड्याचं सांगते. आम्ही इथे सगळे मिळून सात जण. आमच्या मालकीणबाई जुलैच्या पहिल्या रविवारी हा खेळ सगळ्यांसाठी खुला करणार. त्या दिवशी हजारो लोक एकदम खेळायला येतील. त्यांच्यासाठी इंटरनेटची किती मोठी लाईन भाड्याने घ्यायची, तो आकडा मी द्यायचा.

वल्ह्याचा एक फटका म्हणजे चिमूटभर माहिती. पण तुझा फटका तुझ्या फोनवरून आमच्या यंत्राकडे येतो आणि यंत्राला तो होडीतल्या बाकी पंधरा जणांना कळवावा लागतो. प्रत्येकाचं प्रत्येकाला. म्हणून होडीत माणसं दुप्पट केली की लाईन दुप्पट नाही, चौपट लागते. शिवाय बोलणं आहेच. फोनच्या कडेचं बटण दाबून धरलं की तुझा आवाज बाकीच्यांना जातो, सोडलं की बंद. आवाज वल्ह्यापेक्षा फार जड असतो. मी धरून चाललेय की सोळातले एक-दोघंच एका वेळी बोलतील.

आकडा लहान निघाला तर होड्या पाण्यातच अडकतील, आणि एकदा वैतागून गेलेला माणूस परत येत नाही. आधीच्या नोकरीत हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्याच दिवशी लाईन तुंबली, आणि पुढच्या महिन्यात ऑफिसला कुलूप. तो आकडा दुसऱ्याचा होता. हा माझा आहे. आणि फार मोठा निघाला तर परवडणार नाही. मग मालकीणबाई होडी चार जागांची करतील. चार जणांची होडी कुठल्याही खेळात मिळते. सोळा जण एका ठोक्यावर वल्ही मारतात, हाच आमचा खेळ आहे.

म्हणून नुसता अंदाज न लावता मी पाच होड्या प्रयोगाला दिल्यात. चार आमच्या इमारतीतल्या आजूबाजूच्या ऑफिसवाल्यांच्या आणि पाचवी तुमची. तुम्ही काय बोलता ते आम्हाला ऐकू येत नाही, फक्त किती वजन गेलं ते कळतं.

रोज आकडा काढते, आणि मग भीतीने दुप्पट करते.

तुझी,
भिंगरी


१२ जून

भिंगरी,

घाबरून दुप्पटच करायचं होतं तर मोजलंस कशाला? एक काहीतरी कर.

एवढा घोळ घालण्यापेक्षा सरळ मोठी लाईन घे. आमच्या धुलाईच्या मशीनला पाइप लहान पडत होता तेव्हा मी मोठ्यात मोठा पाइप आणून बसवला. मोजमाप काही केलं नाही. खालच्या दुकानात पाणी गेलं ते वेगळं.

तुझा खेळ चांगला आहे. आधी आमची होडी वाकडी जायची. सगळे आपल्या मर्जीने वल्ही मारणार, वर एकमेकांना शिव्या देणार. चष्मेवाल्याची सासू तर वल्हं सोडून नुसत्याच सूचना देते. परवा खडक समोर आला आणि सगळे एकदम ओरडायला लागले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "ओढा." मग जरासं थांबून परत, "ओढा." भावोजी. जन्मभर घड्याळं ऐकलेला माणूस, ठोका इकडचा तिकडे नाही. सगळे गप्प होऊन त्या ठोक्यावर वल्ही मारायला लागले आणि होडी सुरीसारखी पलीकडे गेली. डाग काढणारी बाई डोळे पुसत होती. विचारलं काय झालं, तर म्हणे साबण गेला.

आता रोज तेच ठोका देतात. बाकी काही बोलत नाहीत, पण "ओढा" म्हणतात.

मी हल्ली एका कानात फोनचं ते ऐकायचं बोंडूक घालूनच काम करते. गिऱ्हाइकांना वाटतं म्हातारी गाणी ऐकते. वाटू दे.

तुझ्या निळ्या कुर्त्याच्या बाहीवर शाईचा डाग होता. काढला. शाईच्या पेनाने कोण लिहितं आता?

आत्या


१७ जून

आत्या,

शाईच्या पेनाने मीच लिहिते, तुला पत्र लिहायला. दुसरं कारण नाही.

आज वाईट बातमी आहे. पाचही होड्यांचं वजन जुळवून बघितलं. चार होड्या अगदी मी धरलं होतं तशा निघाल्या. तुमची मात्र कैक पटींनी जड. वल्ह्यांचं वजन सारखंच आहे, सगळा फरक आवाजात. दुपारच्या सुट्टीत तर असं दिसतं की सोळाच्या सोळा जण न थांबता बोलतायत, श्वासही न घेता. मी आधी म्हटलं मोजण्यात चूक झाली. तीनदा तपासलं. चूक नाही.

मालकीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाकीच्या चार होड्यांत आपल्यासारखेच ऑफिसवाले आहेत. बटण दाबतात, 'डावीकडे' म्हणतात, सोडतात. खरी माणसं या पाचव्या होडीत आहेत. खरी माणसं अशी बोलत असतील तर हाच आकडा धरायला हवा." आणि हा आकडा धरला तर तेवढी लाईन आम्हाला झेपत नाही. सोमवारी ठरवणार. बहुतेक चार जागांची होडी होईल.

त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तुमची होडी मीच निवडली होती.

एक विचारते. एखादा फोन बिघडलाय का? कडेचं बटण आत जाऊन अडकलंय का? आठवून लिही आणि कसंही करून सोमवारच्या आत पोचव.

भिंगरी


२० जून

भिंगरी,

गाडीवाल्याला आज मुद्दाम जादा फेरी मारायला लावली. कुरकुरला. त्याची पण जागा जाणार आहे असं सांगितल्यावर निघाला.

चार जागा म्हणजे काय? मी बारा जणांना काय सांगू, उतरा? कुणाला उतरवू? घड्या घालणाऱ्या दोघी मागच्या वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या, आता शेजारी बसून वल्ही मारतात. चष्मेवाल्याच्या सासूला उतरवलं तर चष्मेवाला राहायचा नाही. आणि ठोका कोण देणार? चार जणांना ठोका लागतच नाही, चार जण नुसते बघून वल्ही मारतील. म्हणजे भावोजींचं काम संपलं. तुझ्या मालकीणबाईंना सांग की हे चालणार नाही. त्यांचा नंबर दे, मी सांगते.

फोन एकही बिघडलेला नाही. बटणही अडकलेलं नाही. बटण आम्ही दाबून ठेवलेलं आहे.

अगं, लाँड्रीत ओल्या हातांनी बटण धरून कोण बसेल? हात वल्ह्याला लावायचा की बटणाला? शर्टांची सुटी पडलेली बटणं आमच्याकडे डबाभर आहेत. एक बटण घ्यायचं, फोनच्या बटणावर ठेवायचं आणि वरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळायची. कायमचं दाबलेलं राहतं, हात मोकळे. युक्ती माझी. आधी एकाच फोनला केली होती, मग ज्याने त्याने मागितली. चष्मेवाल्याच्या घरातही सगळ्यांनी केलंय. इतरांच्या पट्ट्या वाफेने सुटतात, परत लावाव्या लागतात. मी पहिल्यांदा लावलेली मात्र एकदाही सुटली नाही. काम करावं तर असं.

यात तुझा आकडा कसा बिघडेल ते मला कळत नाही. आम्ही काही सारखे बोलत नसतो. बराच वेळ नुसती मशीनच चालू असतात.

उत्तर लगेच दे.

आत्या


२३ जून

आत्या,

तुझं पत्र मी गाडीवाल्यासमोर उभ्याउभ्याच फोडलं. "शर्टांची सुटी पडलेली बटणं" इथपर्यंत आले आणि तिथेच पायरीवर बसले. तो बिचारा घाबरून पाणी आणायला धावला. त्याला म्हटलं, काही नाही हो, जीव भांड्यात पडला.

तू म्हणतेस तुम्ही बोलत नव्हता. तेच तर. यंत्राला बोलणं आणि मशीनचा आवाज यातला फरक कळत नव्हता. बटण दाबलेलं म्हणजे आवाज पाठवायचा, एवढंच त्याला ठाऊक. तुमची वाफ, तुमची धुलाईची मशीनं, चष्मेवाल्याचा पंखा, सगळं ते इमानेइतबारे प्रत्येकाकडून बाकी पंधरा जणांना पोचवत बसलं होतं. कुणी एकदा खोकलं तर तो खोकला पंधरा ठिकाणी. सोळा जणांची वाफ पंधरा-पंधरा ठिकाणी. मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

पण मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, या लोकांनी केलं ते उद्या आणखी हजारो लोक करतील. त्यांना पट्टी काढा म्हणून सांगता येणार नाही. खरंच आहे. ऑफिसवाल्यांच्या चार होड्या बघून हे आम्हाला कधीच कळलं नसतं, आणि कळलं असतं ते उघडण्याच्या दिवशी. तेव्हा तू वाचवलंस असं समज, चुकून का होईना.

आम्ही एक बदल केलाय. बटण दाबलेलं असलं तरी माणूस बोलत असेल तरच आवाज पुढे जाईल. वाफ, पंखा, नळ, खुर्ची, काही जाणार नाही. मशीनच्या एकसारख्या आवाजाचं वजनही एकसारखं असतं, ते तुमच्या होडीच्या जुन्या मापातून वजा करून बघितलं. बाकीच्यांपेक्षा तुम्ही जास्त बोलताच, पण आता माणसांसारखे. सासूबाईंसकट.

आकडा दिला. गर्दीसाठी थोडी जागा वर ठेवली, भीतीसाठी नाही. होडी सोळा जागांचीच राहणार, मालकीणबाईंनी सही केली.

गुरुवारी सकाळी हा बदल आपोआप सगळ्या फोनांत येईल. तुला काही करायचं नाही. पट्ट्या राहू देत.

आनंदात,
भिंगरी


२७ जून

भिंगरी,

तुझं पत्र मला आज मिळालं. गाडी वाटेत बंद पडली आणि गॅरेजमध्ये जाऊन बसली. तुझा बदल मात्र गुरुवारी वेळेवर आला.

गुरुवारी सकाळी दुकान उघडलं, बोंडूक कानात घातलं. काही नाही. मला वाटलं माझंच बिघडलं. घड्या घालणाऱ्या मुलीला म्हटलं, जरा तुझ्या फोनवरून बोल. ती बोलली ते ऐकू आलं. म्हणजे माझं नीट होतं. मग हाक मारली, "भावोजी." उत्तर नाही. परत मारली. नाही.

गरम इस्त्री तशीच सोडून मी निघाले. इस्त्रीवाला मागून विचारत राहिला कुठे चाललात. दुकानातल्या रबरी सपाता पायात, त्या घालून मी रस्त्याने पळतेय. या वयात. त्यांच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. दार उघडलं. भावोजी कमरेला टॉवेल गुंडाळून उभे, डोक्याला साबण. म्हणाले, "वहिनी, आग लागलीय का?"

मी म्हटलं, नाही, सहज आले. आणि त्यांच्या खुर्चीत बसून राहिले. त्यांनी अंघोळ पुरी केली आणि मला चहा करून दिला. मी प्याले. कप विसळून ठेवला आणि दुकानात परत आले.

आता तुला सांगते, कारण हे तुझ्या बदलाने झालं. भावोजींच्या फोनची पट्टी ओल्या हातांसाठी नव्हती. त्यांचे हात ओले कशाला होतील? ती पट्टी मी पहिल्या दिवशीच लावली, फोन द्यायला गेले तेव्हा. खेळ संपल्यावर होडी धक्क्याला बांधलेली असते, तरी आवाज येत राहतो हे इस्त्रीवाल्याने त्या सूचनांत वाचून सांगितलं होतं. म्हणून. मला दिवसभर त्यांचा नळ ऐकू यायचा, कप ठेवलेला ऐकू यायचा, खुर्ची सरकलेली. सकाळी खुर्ची सरकली की मी कामाला लागायचे.

आमचे हे गेले तेव्हा भावोजी रोज दुकानात येऊन बाकावर बसायचे. महिना दीड महिना. सांत्वन नाही, काही नाही, नुसते बसायचे, संध्याकाळी उठून जायचे. त्याचा मला केवढा आधार झाला ते माझं मला ठाऊक. आता त्यांच्यावर वेळ आली तर मला त्यांच्याकडे जाऊन बसता येत नाही, दुकान आहे, सात माणसं आहेत. म्हणून असं बसले.

त्यांना यातलं काही माहीत नाही. तूही बोलायचं नाहीस.

होडी राहिली ते चांगलं झालं. माझी खुर्ची मात्र गेली.

आत्या


३० जून

आत्या,

मी पत्रात खुर्चीचं नाव लिहिलं होतं. "वाफ, पंखा, नळ, खुर्ची, काही जाणार नाही" असं, मोठ्या फुशारकीने. तुझं पत्र वाचल्यावर ते वाक्य आठवलं आणि कसंतरी झालं.

मला माहीत नव्हतं, पण कळवायच्या आधी बदल पाठवायला नको होता, एवढं तरी माझं चुकलंच.

एक करता येईल. एका फोनला अपवाद करता येतो. तुझ्या भावोजींच्या, म्हणजे आमच्या धाकट्या काकांच्या, फोनवरून पूर्वीसारखं सगळं येईल, नळ, कप, खुर्ची. दिवसभर ऐकणारी तू एकटी, म्हणजे आवाज एकाच ठिकाणी जाणार, लाईनीला पत्ताही लागणार नाही. मालकीणबाईंना मी विचारलं, फक्त "एका घरगुती कारणासाठी" असं सांगून. त्या हो म्हणाल्या.

मनात एवढंच येतं की काकांना न सांगता हे किती दिवस करायचं. पण तू तिथे आहेस, मी नाही. तू कर म्हणालीस की त्याच दिवशी करते.

रविवारी खेळ उघडतोय. रोज रात्री उठून आकडा परत तपासते. आकडा दुप्पट केलेला नाही.

भिंगरी


३ जुलै

भिंगरी,

अपवाद नको. कारण सांगते, थोडक्यात.

तुला ते पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, कानात बोंडूक घातलं, सवयीने. आणि भावोजींचा आवाज. "वहिनी, उठलोय." एवढंच. मी चमकले. थोड्या वेळाने, "नळ सोडतोय. अंघोळीला चाललोय. हाक मारू नका." मग, "झाली अंघोळ."

तेव्हापासून हे चालू आहे. कप ठेवला तर सांगतात कप ठेवला. खिडकी उघडली तर सांगतात. काल एक जुनं घड्याळ खोलून बसले आणि त्याच्या पोटात काय काय आहे ते मला तासभर सांगितलं. मला त्यात काडीचं कळत नाही. मध्येच मी म्हटलं, भावोजी, मला गिऱ्हाईक आहे. तर म्हणाले, "तुम्ही करा गिऱ्हाईक, मी घड्याळाशी बोलतोय."

त्यांना वाटत असेल मी त्या दिवशी वेड्यासारखी पळत का आले, ही बाई घाबरट आहे, हिला सांगत राहावं. वाटू दे. पट्टीचं त्यांना अजून कळलेलं नाही.

रविवारी आम्ही सगळे होडीत असू. रात्री उठून तपासणं सोड. मोजलंयस ना? मग झालं.

आत्या


७ जुलै

आत्या,

टिकली. लाईन टिकली.

रविवारी सकाळपासून आम्ही सातही जण एकाच पडद्यासमोर. त्यावर एक रेघ वर चढत जाते, ती वरच्या काठाला टेकली की संपलं. उघडल्या उघडल्या ती अशी चढली की मालकीणबाईंनी माझं मनगट धरलं. अजून वळ आहे. चढली, चढली, आणि मी लिहून दिलेल्या आकड्याच्या जरा खाली येऊन तरंगत राहिली. वर जागा शिल्लक. एकही होडी अडकली नाही.

दुपारपर्यंत आम्हाला कळलं की निम्म्याअधिक होड्यांत कुणी ना कुणी बटण कायमचं दाबून ठेवलंय. रबर लावून, पुस्तकाखाली ठेवून, कसं कसं ते देव जाणे. जुना हिशेब धरला असता तर आम्ही पहिल्या तासात बुडालो असतो.

मग मालकीणबाई म्हणाल्या, "पाचवी होडी दाखव." तुम्ही पाण्यात होता. तुम्ही काय बोलताय ते दिसत नाही, फक्त वल्ही दिसतात. सोळा वल्ही एकदम वर, एकदम खाली. सगळे पुढे सरकून बघायला लागले. कुणीतरी विचारलं, हे कोण आहेत? मी म्हटलं, लाँड्री.

संध्याकाळी घरी आले आणि बूट न काढता झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.

भिंगरी


११ जुलै

भिंगरी,

बरं झालं. मला माहीत होतं. नव्हतं माहीत, पण आता म्हणायला हरकत नाही.

बूट घालून झोपलीस म्हणजे चादर मळली असेल. गाडीवाल्याकडे दे.

काल लग्नाच्या हॉलचे सगळे पडदे एकदम आले, दिवसभर मान वर करता आली नाही. कानात बोंडूक होतं पण एक शब्द बोलले नाही. दुपारही चुकली, होडी पाण्यात घातलीच नाही. संध्याकाळी आवाज आला, "वहिनी, तुम्ही आहात ना?" मी म्हटलं, आहे, कुठे जातेय. तर म्हणे, "मग सांगत जावं माणसाने." आता मलाही अधूनमधून सांगावं लागतं. पडदे धुतले. पडदे वाळत घातले. हा तुझ्या बदलाचा डोक्याला ताप.

आज ते दुकानात आले होते. स्वतः, चालत. भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं म्हणाले, ते उतरवून न्यायला. जाताना बाकावर जरा टेकले. आज पाठवतेय त्या तुझ्या शर्टाच्या दुसऱ्या खिशात त्यांनी तुला काहीतरी लिहून घातलंय. मी वाचलेलं नाही. खेळाचं कौतुक असेल.

पट्टीचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही बघ.

आत्या


११ जुलै

चि. भिंगरी,

खेळ चांगला आहे. खडकांच्या वळणावर पाणी जरा जास्त जोरात ओढतं, ते बघा.

एक सांगून ठेवतो, वहिनींना कळवू नकोस. फोनवर पट्टी आहे हे मला पहिल्या दिवशीच दिसलं. ज्याने जन्मभर केसाएवढे स्क्रू शोधले त्याला शर्टाचं बटण दिसणार नाही का? कशासाठी असेल तेही कळलं. आधी काढणार होतो. मग पलीकडून दुकानाचा आवाज यायला लागला, वाफ, घड्या घालणाऱ्या मुलींची भांडणं, वहिनींचं ओरडणं. राहू दिलं.

सकाळी मी खुर्ची मुद्दाम सरकवायचो. तिला सरकवायची गरज नसते, ती भिंतीला टेकलेली असते.

आता बोलावं लागतं. सवय नव्हती, होतेय.

वहिनी सगळ्यांना सांगतात की त्यांनी लावलेली पट्टी एकदाही सुटली नाही. ती दर आठवड्याला सुटते. मी नवी लावतो.

धाकटे काका